तोंड उघडायला पैसे पडतात का?

बस समोर. मोबाइल उलटा ठेव. आणि "मॅडम, तसं नाही हो" अशी सुरुवात करू नकोस, कारण तसंच आहे.

हैदराबादेत किती वर्षं झाली तुला? तीन. तीन वर्षं त्या गावचं पाणी पितोस, त्या गावच्या पगारावर इकडे हिंगणघाटात घराचा दुसरा मजला चढवलास, आणि तिथल्या माणसाला त्याच्या भाषेत साधा नमस्कार घालता येत नाही? तुला? दहावीत संस्कृतचे सुभाषितांचे श्लोक घडाघडा म्हणून दाखवायचास, त्या तुला? "येत नाही" हे माझ्यासमोर बोलूच नकोस. केलं नाहीस, असं म्हण. एखाद्या मठ्ठ पोरासाठी मी एवढा घसा कोरडा केला नसता. तुला सगळं येतं, सगळं कळतं, म्हणूनच माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मागे हैदराबादला आले होते तेव्हा तुझ्या खोलीवर थोडी टेकले होते, आठवतं? खालच्या पायरीवर घरमालकाची म्हातारी आई बसली होती. पुढ्यात सूप, सुपात अंबाडीची भाजी. ते लोक तिला गोंगुरा म्हणतात. एकेक पान खुडत होती. तू जिना उतरलास. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "तिन्नावा, बाबू?" कानात ती बोंडं तशीच ठेवून तू म्हणालास, "हां हां आंटी, ओके." आणि गाडीला किक मारून निघालास. संध्याकाळी मी विचारलं, तर काय म्हणालास? "ती रोज असंच काहीतरी बडबडते, मला काही कळत नाही."

बडबडते! अरे, जेवलास का म्हणून विचारत होती ती तुला. घरापासून एवढ्या लांब राहणाऱ्या परक्या पोराच्या पोटाची चौकशी करत होती. आणि तू "ओके"! तुझ्या आजीला कुणी असं उत्तर दिलं असतं, तर तू त्याची गचांडी धरली असतीस. "तिन्नानु अम्मा, मीरु?" जेवलो आई, तुम्ही? तीन शब्द. याला कुठला क्लास लावायचा होता?

तू गेल्यावर मी तिच्याशेजारी बसले. "नमस्कारम् अम्मा, बागुन्नारा?" एवढंच म्हटलं. माझं माहेर बल्लारपूरचं, शेजार तेलुगू, तेवढ्या शिदोरीवर बोलले. म्हातारीनं सूप बाजूला सारलं, सरकून जागा दिली आणि जी बोलायला लागली ती थांबेचना. मला त्यातलं अर्धंही कळलं नाही. तिला त्याचं काही नव्हतं. निघताना मी वाकले, तर डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "चल्लगा उंडु." थंड राहा, सुखात राहा. तो आशीर्वाद रोज सकाळी तुझ्या पायरीवर बसलेला असतो आणि तू त्याला वळसा घालून जातोस.

आता तुझी कारणं काढ बाहेर. एकेक काढ, मला वेळ आहे.

हैदराबादेत हिंदी चालते? चालते ना. चारमिनारला चालते, तुझ्या ऑफिसात चालते. म्हणून त्या म्हातारीलाही चालली पाहिजे का? आणि हेच वाक्य मुंबईतला, पुण्यातला बाहेरून आलेला माणूस बोलतो तेव्हा तुझं काय होतं रे? तेव्हा तुझं रक्त उसळतं. तेव्हा तू स्टेटस ठेवतोस: महाराष्ट्रात राहता तर मराठी बोला! मी वाचलंय ते. मला ते पटतंही. पण मग सांग, तेलंगणात राहणाऱ्यानं काय बोलायचं? तिथे नियम बदलतो का? स्वतः पाहुणा असलास की हिंदी चालते, आणि यजमान असलास की चालत नाही? हा दुटप्पीपणा तुला दिसत नाही, असं मी मानणार नाही. दिसतो. तू डोळ्यांवर कातडं ओढून बसला आहेस.

हुतात्म्यांच्या पोस्टी टाकतोस दर 1 मेला. टाक, टाकल्याच पाहिजेत. पण तू ज्यांच्यात राहतोस त्यांनीही भाषेपायी जीव गमावलेत, हे कधी वाचलंस? पोट्टी श्रीरामुलु हे नाव ऐकलंस? तेलुगू भाषकांच्या राज्यासाठी त्यांनी पन्नासहून अधिक दिवस उपोषण केलं आणि 15 डिसेंबर 1952 ला प्राण सोडला. पुढल्या वर्षी 1 ऑक्टोबरला आंध्र राज्य झालं. भाषावार प्रांतरचनेची वाट तिथून मोकळी झाली. त्या वाटेनं पुढे आपण संयुक्त महाराष्ट्र मिळवला. त्या माणसाच्या भाषेत तुला "बरे आहात ना?" एवढं विचारवत नाही?

छोटी भाषा म्हणालास तर याद राख. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे 8 कोटी 30 लाख, तेलुगूचे 8 कोटी 11 लाख. खांद्याला खांदा लावून चालणाऱ्या भाषा आहेत या.

अवघड आहे म्हणतोस? हे तर उत्तर भारतातल्या पोरानं म्हणावं, तू नव्हे. त्याला ळ म्हणताना घाम फुटतो. तुला फुटतो का? त्यांच्याकडे ळ आहे. त्याला 'चार'मधला आणि 'चाक'मधला च वेगळा काढता येत नाही. तुझ्या जिभेवर दोन्ही जन्मापासून आहेत, तेलुगूतही दोन्ही आहेत. आपल्याकडे 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं, तसं त्यांच्याकडे 'मेमु' वेगळं आणि 'मनमु' वेगळं. हिंदीवाल्याला हे समजावता समजावता नाकी नऊ येतात. तुला कुणी समजावायची गरजच नाही. थोरांना 'तुम्ही', बरोबरीच्याला 'तू', हेही जसंच्या तसं: मोठ्यांना "बागुन्नारा?", दोस्ताला "बागुन्नावा?" मोठ्या भावाच्या वयाचा असेल त्याला अन्ना, मोठ्या बहिणीच्या वयाची असेल तिला अक्का. हे तरी परकं आहे का? निघताना आपण जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. तेही नुसतं जातो म्हणत नाहीत. "वेळ्ळोस्तानु" म्हणतात, जाऊन येतो. तेलंगणातली साधी माणसं "पोयोस्ता" म्हणतील. निम्मं ताट वाढून ठेवलंय तुझ्यापुढे, आणि तू म्हणतोस हात पोचत नाही.

वेळ नाही? कोरियन मालिका रात्री दोनपर्यंत जागून कोण बघतं? "अन्योंग हासेयो" तुला येतं. मान लववून येतं. ज्या देशात तू पाय ठेवलेला नाहीस, तिथला नमस्कार येतो. ज्या जिन्यावरून रोज उतरतोस तिथला येत नाही. बाहुबली तू तीनदा पाहिलास, पुष्पाचे संवाद मित्रांत म्हणून दाखवतोस, सगळे हिंदीत डब केलेले. 'नाटू नाटू'ला 2023 मध्ये ऑस्कर मिळालं तेव्हा छाती फुगवून सांगत होतास. चुलतभावाच्या वरातीत त्याच गाण्यावर सदरा ओला होईस्तोवर नाचलास. त्या गाण्याची भाषा बोलणारी माणसं समोर आली की मात्र दातखीळ बसते. काऊन?

मी सांगते काऊन. तुला वाटतं, आपण चुकू आणि लोक हसतील. आणि हे तुला का वाटतं, तेही सांगते. कारण तू स्वतः हसला आहेस. त्यांच्या बोलण्यात आदरानं लावतात तो 'अंडी' ऐकून तुम्ही पोरं टेबलाखाली पाय हाणत खिदळता. 'या' म्हणायला त्यांच्याकडे जो शब्द आहे, त्यावर तर तुमच्या ग्रुपवर काय काय चित्रं फिरली, ते मला माहीत आहे. दारात उभा राहून एक माणूस मानानं तुम्हाला घरात बोलावतो आणि तुम्ही तोंडावर रुमाल धरता! लाज वाटली पाहिजे. तुझ्या बापाच्या वऱ्हाडी बोलण्यावर पुण्यातली पोरं हसली होती तेव्हा तू हॉस्टेलमधून रडत फोन केला होतास. विसरलास?

अ‍ॅप आहे म्हणतोस. बरं. म्हातारी "तिन्नावा?" म्हणेल. तू खिशातून फोन काढशील, बोलायला लावशील, वाचशील, उत्तर टाइप करशील, आणि तो फोन तिच्या तोंडापुढे धरशील? चष्मा लावून तिनं तुझं जेवण वाचायचं का? नमस्काराला अ‍ॅप लागतं, असं म्हणणाऱ्याला काय म्हणावं, मला तर शब्द सुचत नाही.

कायमचं थोडंच राहायचंय तिथे? हेही ऐकलंय तुझं. मग जामच्या चौरस्त्यावर जाऊन बघ. नागपूरहून येणारा राष्ट्रीय महामार्ग 44 तिथूनच हिंगणघाट, पांढरकवडा करत पैनगंगा ओलांडतो आणि आदिलाबादेत शिरतो. दक्षिणेकडचे मिरचीचे ट्रक रात्रंदिवस येतात. तिथल्या एका ढाब्यावरचा पोरगा, शाळा सोडलेला, ट्रक थांबला की ओरडतो, "अन्ना, बागुन्नारा? भोजनमा, टिफिना?" ड्रायव्हर तिथे अर्धा तास राहणार, मग आयुष्यात पुन्हा भेटेल न भेटेल. पोराला धंदा करायचाय, मान्य. पण त्यानं ऐकलं, विचारलं, जिभेवर घोळवलं. अर्ध्या तासाच्या गिऱ्हाइकासाठी तो एवढं करतो. तुझी तीन वर्षं गेली.

आणि तू कुठल्या जिल्ह्याचा आहेस, याची तरी चाड ठेव. आपल्या वर्ध्यात 1936 साली राष्ट्रभाषा प्रचार समिती निघाली. देशभरच्या लोकांनी हिंदी शिकावी म्हणून या गावानं पुस्तकं छापली, परीक्षा घेतल्या. म्हणजे बाकीच्यांनी आपलं घरदार सांभाळून दुसऱ्याची भाषा शिकावी, हा आग्रह आपल्याच जिल्ह्यातून गेला. मग आपल्यावर पाळी आली की अंग का चोरायचं?

पवनारला धाम नदीच्या काठावर राहणारा माणूस आठव. विनोबा पन्नाशीला टेकले होते तेव्हा वेल्लोरच्या तुरुंगात दक्षिणेच्या चारही भाषा शिकायला बसले. तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम. तुरुंगात, बरं का. तुझ्यासारखी वातानुकूलित खोली नव्हती. पुढे 1951 च्या मार्चमध्ये इथूनच पायी निघाले, हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला. तेव्हा तेलंगण धगधगत होतं, जमिनीवरून रक्त सांडत होतं. संमेलन आटोपल्यावर ते त्याच गावांतून हिंडले. 18 एप्रिलला पोचमपल्लीत भूमिहीनांनी जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी 100 एकर देतो म्हणून सांगितलं. भूदान तिथे सुरू झालं. तुझ्या खोलीपासून पोचमपल्ली फार लांब नाही. साड्या घ्यायला गेला होतास ना आईसाठी? दुकानदाराशी कुठल्या भाषेत घासाघीस केलीस? सांगू नकोस, कळलं.

मी तुला तेलुगूत व्याख्यान द्यायला सांगत नाहीये. लिपी शिकलास तर आनंद आहे, नाही शिकलास तर त्यावर नंतर भांडू. मला फक्त तोंड उघडलेलं हवंय. वॉचमनला "अन्ना, बागुन्नारा?" घरमालकाला नावापुढे गारु लावून नमस्कारम्. डबा देणाऱ्या बाईला अक्का म्हण. "ओ मॅडम" अशी शुकशुक बंद. गुढीपाडव्याला त्यांची उगादि असते, त्याच दिवशी. त्या सकाळी आपल्या श्रीखंडाची वाटी घेऊन खाली जायचं आणि "उगादि शुभाकांक्षलु" म्हणायचं. इकडे गावाला यायची गाडी त्या दिवशीची काढायची नाही. आणि शब्दांच्या शेवटचे स्वर खाऊ नकोस. तेलुगू शब्द बहुतेक स्वरावर टेकतो, तो पुरा म्हण. चुकलास तर चुकलास. ते हसले तर हस. दुरुस्त करतील, तर वहीत लिहून घे. वही आहे ना, की तीही विकलीस?

रविवारी रात्रीची गाडी आहे तुझी. सोमवारी सकाळी जिना उतरशील तेव्हा कानातली बोंडं खिशात टाक. तिनं विचारायच्या आधी तू विचार. आणि तिचं गाव कुठलं, तेही विचारून मला त्याच दिवशी फोन कर. "मीदि ए ऊरु, अम्मा?" म्हण आता. माझ्यासमोर म्हण. पुन्हा. अरे, मोठ्यानं!