रिझ्युमे आणि आत्मस्तुतीचा प्रश्न

नोकरीच्या अर्जात स्वतःविषयी लिहावेच लागते, आणि आपल्या धर्मविचाराला तर स्वतःचे गुण स्वतः गाणे मान्य नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत पहिले अमानित्व आहे. ज्ञानेश्वरांनी त्यावर विस्ताराने लिहिले आहे. समर्थांच्या मूर्खलक्षणांत आपली स्तुती आपण करणारा येतो आणि वाडवडिलांची कीर्ती सांगत फिरणाराही येतो. कर्णपर्वात अर्जुन स्वतःवर तलवार उपसतो, तेव्हा कृष्ण त्याला स्वतःचे गुण स्वतःच्या तोंडाने सांगायला लावतो, कारण आत्मस्तुती मरणासमान आहे. मग पोटासाठी रिझ्युमे लिहिणाऱ्या माणसाने काय करावे?

उत्तर कोलकात्यातल्या बागबाजारात या प्रश्नाला उपयोगी पडणारा एक विचार सापडतो. तिथल्या बलराम बोस यांच्या घरी रामकृष्ण परमहंस वारंवार येत. ‘मी’ समूळ जात नाही, हे ते मान्य करीत. म्हणून ते ‘कच्चा मी’ आणि ‘पक्का मी’ असा भेद करीत. मी विद्वान, मी श्रीमंत, मी अमक्या घराण्याचा, हा कच्चा मी. मी देवाचा दास, हा पक्का मी. दासालाही हात असतात, कसब असते, केलेले काम असते. ते सांगायला त्याला बंदी नाही. त्या कामाचा मालक आपण आहोत असे मात्र त्याने मानू नये.

रामकृष्णांच्या शिष्यांत नोकरीच्या शोधाची सर्वांत कठोर परीक्षा नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, यांनी दिली. १८८४ मध्ये वडील वारले, कर्ज पुढे आले, आणि बी. ए. झालेला हा तरुण अर्ज हातात घेऊन, अनवाणी आणि उपाशीपोटी, कचेऱ्यांचे उंबरे झिजवू लागला. बहुतेक दारे बंदच राहिली. याच काळात रामकृष्णांनी त्यांना घरची अडचण दूर करण्याचे मागणे घेऊन दक्षिणेश्वरच्या कालीपुढे पाठवले. ते तीनदा गेले, आणि तिन्ही वेळा विवेक, वैराग्य, ज्ञान आणि भक्ती एवढेच मागून परतले. नोकरी मागणे हलके आहे, असा अर्थ या कथेतून काढणे चूक ठरेल. मागायला गुरूंनीच पाठवले होते. घरच्यांना साध्या अन्नवस्त्राची वाण पडणार नाही, असा शब्दही त्यांनी दिला. आणि नरेंद्रनाथांनी अॅटर्नीच्या कचेरीत काम केले, भाषांतरे केली, विद्यासागरांच्या शाळेत काही काळ शिकवले. अन्न कमावणे धर्माबाहेरचे नव्हते.

१८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेपूर्वी स्वतःविषयी सांगण्याचा प्रश्न विवेकानंदांपुढे उभा राहिला. प्रतिनिधी म्हणून बसायला लागणारे अधिकृत ओळखपत्र त्यांच्यापाशी नव्हते. हार्वर्डचे ग्रीकचे प्राध्यापक जॉन हेन्री राइट यांनी त्यांच्याशी दीर्घ बोलणे केल्यावर समितीला शिफारसपत्र लिहिले. स्वतःविषयी जे म्हणणे शोभले नसते, ते पारखून पाहिलेल्या दुसऱ्या माणसाने लिहिले, आणि त्यात आत्मस्तुतीचा दोष उरला नाही. चांगल्या रिझ्युमेत संदर्भ म्हणून दिलेल्या नावांचे मोल इथे आहे. पुढे १ मे १८९७ रोजी बलरामबाबूंच्या त्याच घरात विवेकानंदांनी संघटना उभी केली, तिला नाव दिले ते गुरूंचे.

यातून लिहिण्याची रीतही निघते. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे: बोलणे दुसऱ्याला न खुपणारे, सत्य, प्रिय आणि हितकारक असावे. रिझ्युमेला हे चारही निकष लागू पडतात. सत्य म्हणजे पदवी, पद, कालावधी आणि पगार जसेच्या तसे. आपण ज्या पथकात होतो त्याचे काम एकट्याच्या नावावर घेणे हा सर्वांत सहज होणारा खोटेपणा आहे, म्हणून ‘पाच जणांच्या पथकात हिशेब तपासणी माझ्याकडे होती’ असेच लिहावे. ‘कष्टाळू’, ‘निष्ठावान’, ‘उत्कृष्ट नेतृत्व’ ही विशेषणे कच्च्या मीची आहेत. ती गाळून काय केले, किती केले आणि त्यातून काय झाले हे मांडावे. जुन्या मालकाची निंदा लिहू नये. हितकारक म्हणजे वाचणाऱ्याला उपयोगी: त्या पदाला लागेल तेवढेच, सुरुवातीच्या नोकरीसाठी एका पानात. विराटाच्या दरबारी नकुलाने घोड्यांची निगा एवढेच कसब सांगितले. त्याने नाव बदलले, तो भाग मात्र अज्ञातवासाच्या शर्तीचा होता, अनुकरणाचा नाही.

उलट टोकही तितकेच चुकीचे आहे. मुलाबाळांचा भार असलेला माणूस नम्रतेपायी आपले खरे कसब दडवतो, तेव्हा तो घरच्यांच्या तोंडचा घास अडवतो. त्याला अमानित्व म्हणता येत नाही. म्हणून रिझ्युमे पाठवण्यापूर्वी तो आपल्यासोबत काम केलेल्या एका सहकाऱ्याला वाचायला द्यावा. त्याला जे वाक्य फुगवलेले वाटेल ते काढावे, आणि जे सांगायचे राहून गेले असे तो म्हणेल ते निःसंकोच लिहावे.