चुकला तं झेंड्यापाशी

कळंबच्या चिंतामणीच्या यात्रेत गर्दीत शिरण्याआधी आजी एकच गोष्ट बजावायची, "चुकला तं झेंड्यापाशी येऊन उभा राहाजो." इथला देव जमिनीच्या पोटात आहे, पायऱ्या उतरून खाली गेल्याशिवाय त्याचं दर्शन नाही. दुरून दिसायचा तो झेंडाच.

जुन्या काळच्या सैन्यांच्या निशाणांबद्दल मी जेवढं वाचत गेलो तेवढं आजीचं ते वाक्य मोठं होत गेलं. ध्वज म्हटला की आपल्याला अभिमान आठवतो, विजय आठवतो. पण रणांगणाची कल्पना करून पाहा. हजारो घोड्यांच्या टापांची धूळ, आरोळ्या, जखमींचं ओरडणं. सेनापतीचा शब्द दहा पावलांवर पोचत नाही. चीनमधल्या सुन झूच्या युद्धशास्त्रात हे कारण सरळ दिलं आहे: बोललेलं ऐकू येत नाही म्हणून नगारे, नुसत्या नजरेला दिसत नाही म्हणून निशाणं. आपल्या जुन्या मराठी काव्यात 'निशाण' हा शब्द नगाऱ्यासाठीही येतो. कान आणि डोळा, दोघांचं काम एकच होतं. पांगलेल्या माणसाला त्याची माणसं कुठे आहेत ते सांगायचं.

सुरुवातीला तर कापडही नव्हतं. इजिप्तच्या नारमेर राजाच्या शिल्पपाटीवर, म्हणजे सुमारे 5000 वर्षांपूर्वी, राजापुढे चालणाऱ्यांच्या हातांत उंच काठ्या आहेत आणि काठ्यांच्या टोकांवर प्राणी-पक्षी. महाभारतातही ध्वज ओळखायचा तो त्यावरच्या चिन्हानं. भीष्मांच्या रथावर ताड, कृपाचार्यांच्या रथावर बैल, घटोत्कचाच्या रथावर गिधाड, अर्जुनाच्या रथावर कपी. धुळीत माणसाचा चेहरा हरवतो, पण ताडाचं झाड लांबूनही ओळखू येतं. रोमन लोक सांगत की त्यांच्या पूर्वजांचं पहिलं निशाण म्हणजे काठीला बांधलेली गवताची मूठ होती. हे वाचलं तेव्हा मला आमच्या दारातली गुढी दिसली. वेळूची काठी, वर कडुलिंबाचा डहाळा.

गुढीचं मूळ अनेक जण महाभारताच्या आदिपर्वातल्या एका कथेत शोधतात. चेदी देशाच्या उपरिचर वसू राजाला इंद्रानं वेळूची काठी दिली. ती सज्जनांचं रक्षण करणारी होती. राजानं वर्षाच्या अखेरीला ती जमिनीत रोवली आणि दुसऱ्या दिवशी वस्त्रं, गंध, माळा घालून उभारली. पुढे इंद्रध्वजाचा उत्सव राजेलोकांचा झाला, विजयासाठी होऊ लागला. आमच्या कळंबातही इंद्र आहे, पण तो जिंकलेला नाही. गौतम ऋषींच्या शापानं पोळलेला इंद्र इथे आला, चिंतामणीला शरण गेला, अंकुशानं कुंडाचं पाणी निघालं आणि त्यात न्हाऊन तो शुद्ध झाला, असं क्षेत्राची कथा सांगते. ध्वजाचा देव आमच्या गावात आला तो वाट चुकलेला म्हणून. मला या योगायोगाचं फार अप्रूप आहे.

कळंबची आणखी एक नोंद आहे. अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये 'कलम' येतं, ते हेच गाव. त्याच ग्रंथात बादशाही निशाणांचंही वर्णन आहे. किमान पाच अलम बादशहाच्या स्वारीबरोबर असत, एरवी लाल कापडी आवरणात गुंडाळलेले. सणाला आणि लढाईलाच ते उघडत. अलम म्हणजे युद्धाचंच निशाण. करबलाच्या रणात हजरत अब्बास यांनी निशाण वाहिलं होतं, आणि मोहरमच्या सवाऱ्यांत त्याचीच आठवण गावोगावी खांद्यावर निघते.

निशाण वाहणाऱ्याबद्दल आपण फारच कमी बोलतो. त्याचे हात गुंतलेले. तो पळाला तर तुकडी फुटते, आणि उभा राहिला तर शत्रूचा पहिला नेम त्याच्यावर. सगळ्यांत उघडा माणूस तोच.

पुढे हळूहळू अर्थ बदलला. काठी आपल्या लोकांमध्ये उभी होती, ती दुसऱ्याच्या जमिनीत रोवली जाऊ लागली. इ.स.पू. 53 मध्ये रोमन सैन्यानं कार्‍हीच्या लढाईत पार्थियनांकडे निशाणं गमावली. 33 वर्षांनी ऑगस्टसनं ती लढाई न करता, वाटाघाटींनी परत आणली आणि त्यासाठी विजयाचा उत्सव केला. आपल्याकडे 1758 साली मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या आणि 'अटकेपार झेंडे लावणे' भाषेत कायमचं आलं. पुढच्याच वर्षी अब्दाली परतला, तिथली ठाणी सोडून मागे यावं लागलं. त्याला भाषेनं शब्द दिला नाही. त्या पराक्रमाबद्दल मला आदर आहे. पण झेंडा किती लांब लागला एवढंच मोजणं मला अपुरं वाटतं. त्याच्याखाली कोण उभं राहू शकलं, हेही मोजायला हवं. ते मोजायची दृष्टी वारीनं राखली आहे. लाखोंच्या लोंढ्यात मागे पडलेली म्हातारी आपल्या दिंडीची पताका शोधत येते आणि त्या पताकेनं कोणाची भूमी जिंकलेली नसते.

पानिपतावर मराठ्यांच्या सैन्याबरोबर बायका-मुलं होती, यात्रेकरू होते. उत्तरेतली तीर्थं घडावीत म्हणून ते जरीपटक्याच्या आसऱ्यानं चालत आले होते. 14 जानेवारी 1761च्या दुपारी विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, आणि रिकामी अंबारी पाहून सैन्याला वाटलं की तेही गेले, असं सांगतात. तोवर लढणारी फौज त्या एका न दिसण्यानं फुटली. लढणाऱ्यांची नावं बखरींनी थोडीफार तरी ठेवली. तीर्थाला निघालेल्या त्या माणसांना मात्र, चुकलं तर कुठे येऊन उभं राहायचं हे सांगणारं त्या संध्याकाळी मैदानात काहीच उभं नव्हतं.