शंभर यार्डांच्या आत

बेंगळुरू येथील युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज १९१० साली स्थापन झाले. आपल्या मंडळ्यांचे भावी पाळक अशाच विद्यालयांत घडतात. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. टपरी दूर गेली, तरी खिशातील पुडी कायद्याला दिसत नाही. आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे पौलाने करिंथकरांस लिहिले. मात्र आवार तंबाखूमुक्त करताना पहारेकऱ्याची बिडी तेवढी विझवली आणि गुरुजनांच्या सिगारेटकडे डोळेझाक केली, तर तो दांभिकपणाच होय. व्यसनी विद्यार्थ्यालाही नुसते घालवून देऊ नका. तंबाखू सोडताना पहिले तीन-चार दिवस जीव कासावीस होतो. तेव्हा सोबत्याने त्याच्याजवळ बसावे, प्रार्थना करावी आणि त्याला डॉक्टरांकडे न्यावे.