किल्ली कोणाच्या हातात?



नवी गाडी घेतली की आपण ती प्रथम चर्चच्या आवारात आणतो. मिस्सा संपल्यावर धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडतात, आरशाला रोझरी अडकवली जाते, पेढे वाटले जातात. ही आपली सुंदर प्रथा आहे. पूर्वी ह्या आवारात स्कूटर यायची, मग टेम्पो आला, छोटी मारुती आली. आता कधी कधी अशी गाडी येते की तिचे नाव घेताना जीभ अडखळते, आणि तिची किल्ली नुकतीच अठरा वर्षे पूर्ण केलेल्या मुलाच्या बोटात फिरत असते. आईवडिलांच्या चेहऱ्यावर कौतुक असते. ते मी समजू शकतो. ज्यांच्या आजोबांनी डोक्यावर भाजीचे ओझे वाहिले, त्यांच्या नातवाने मोटारीत बसावे ह्यात वाईट काय? मोटार हे पाप नाही आणि पैसा हेही पाप नाही. परंतु एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही : गाडीत जेवढी शक्ती आहे, तेवढा संयम त्या हातात आला आहे का?

१९ मे २०२४ ची पहाट आपण विसरलो नसू. पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये पोर्शे कंपनीच्या एका भरधाव मोटारीने मोटारसायकलला धडक दिली. दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, मृत्युमुखी पडले. मोटार चालवणारा सतरा वर्षांचा असल्याचे पोलिसांनी सांगितले. काही तासांत त्याला जामीन मिळाला आणि अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, तेव्हा सारा महाराष्ट्र संतापला. पुढे त्याच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना आणि वडिलांनाही अटक झाली. कोण किती दोषी हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. आपण मात्र त्या रात्रीच्या थोडे मागे जाऊ या. धडक बसण्यापूर्वी कोणत्या तरी घरात ती किल्ली मुलाच्या हाती आली होती. आपला विचार तिथून सुरू झाला पाहिजे.

निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाविषयी एक नियम आहे. बैलाने अचानक कोणाला हुंदडून मारले, तर बैलाला ठार करावे, मालक निर्दोष. पण बैल मारका आहे हे मालकाला आधीच सांगितले होते आणि तरीही त्याने तो बांधून ठेवला नाही, तर मालकही मरणदंडास पात्र. म्हणजे परमेश्वर विचारतो : तुला ठाऊक होते का? ठाऊक असूनही मोकळे सोडलेस का?

आपला कायदाही आता हेच विचारतो. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात सुधारणा झाली. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी एका वर्षासाठी रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. आपल्याला हे ठाऊक नव्हते किंवा आपण रोखण्याचा प्रयत्न केला होता, हे पालकानेच सिद्ध करायचे. बैल बदलला, प्रश्न तोच राहिला.

“फादर, आमचा मुलगा अठरा वर्षांचा झाला, परवानाही आहे,” असे कोणी म्हणेल. पण आपल्याकडे छोट्या मारुतीला आणि पोर्शेला परवाना एकच. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात नव्या चालकाला अतिशक्तिमान गाडी चालवायला कायद्यानेच मनाई आहे. आपल्याकडे ती मनाई घरातच करावी लागेल. अविचाराला लगाम घालणारा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. त्यातून शेजारी आणि मागे मित्र बसले असले, की पाय आणखी जोराने दाबला जातो.

आता माझ्या तरुण मित्रांनो, तुमच्याशी दोन शब्द. सैतानाने येशूला मंदिराच्या शिखरावर नेले आणि खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सांगितले, हे तुम्ही शुभवर्तमानात वाचले आहे. येशूने नकार दिला. देवाची परीक्षा पाहायची नसते, हे त्याचे उत्तर होते. येशूकडे शक्ती नव्हती असे नाही. शक्ती होती, म्हणूनच त्याच्या नकाराला मोल आहे.

ते शिखर आजही आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे चौदा मीटर, म्हणजे चार-पाच मजल्यांच्या उंचीवरून पडणे. वेग दुप्पट करून १२० केला तर उंची दुप्पट होत नाही, चौपट होते : अठरा-एकोणीस मजले! ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायलाही चौपट अंतर लागते. हे भौतिकशास्त्र आहे. आरशाला टांगलेली रोझरी ते बदलत नाही. रोझरी आणि पवित्र पाणी म्हणजे ताईत नव्हे. उडी आपण मारायची आणि झेलायचे देवदूतांनी, हीच तर सैतानाची सूचना होती.

आणि ह्या उडीत आपण एकटे नसतो. पहाटेच्या मिस्सेला चालत निघालेली म्हातारी, सायकलवरचा दूधवाला, रात्रपाळी संपवून परतणारा कामगार ह्यांना आपण न विचारता शिखरावरून खाली ओढतो. २०२२ ह्या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील दहापैकी सात मृत्यूंच्या मागे अतिवेग होता, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो.

ॲरिस्टॉटल म्हणतो की भित्रेपणा आणि बेफिकिरी ह्यांच्या मध्ये शौर्य असते. बेफिकीर माणूस शूर दिसतो, पण तो शूर नसतो. गाडीची शक्ती कारखान्यात तयार होते, ती पैसे देऊन विकत मिळते. संयम विकत मिळत नाही, तो रोजच्या सवयीने अंगी येतो. एक्सलेटर कोणीही दाबू शकतो. ज्याला पाय उचलता येतो, तो खरा स्वतंत्र.

कॅथॉलिक धर्मशिकवणीत पाचव्या आज्ञेखाली, म्हणजे मनुष्यवधाच्या आज्ञेखाली, नशेत किंवा वेगाच्या हौसेपायी दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर अपराध मानला आहे. २००७ साली व्हॅटिकनने वाहनचालकांसाठी दहा आज्ञाही दिल्या. मोटार हे सत्ता गाजवण्याचे साधन होऊ नये, असे त्यांत बजावले आहे. आपण पापनिवेदनाला येतो तेव्हा राग सांगतो, शिवीगाळ सांगतो. मागच्या महिन्यात हायवेवर केलेली शर्यत सांगतो का?

म्हणून एक विनंती. मुलासाठी गाडी घेण्यापूर्वी घरी एकत्र बसा. गाडी बेताच्या शक्तीची घ्या. रात्री किती वाजेपर्यंत, कोणत्या रस्त्यावर, किती मित्रांसह, हे आधीच ठरवा. दारूचा एक घोट घेतला असेल तर किल्ली घरीच राहील आणि मुलगा फोन करील तेव्हा, रात्रीचे दोन वाजले असले तरी, न रागावता त्याला आणायला जाल, असा शब्द त्याला द्या. हे सारे ठरले की गाडी आवारात आणा. मी पाणी आधी चालवणाऱ्याच्या डोक्यावर शिंपडीन, मग बॉनेटवर.

प्रभू आपल्या सर्व मुलामुलींना आणि त्यांच्या वाटेवरच्या प्रत्येकाला सुखरूप घरी पोहोचवो.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू