डोक्यावर बत्ती

आज एकच दृश्य पाहायचे आहे. सिनेमा नागराज मंजुळे यांचा, 'फँड्री', 14 फेब्रुवारी 2014 रोजी प्रदर्शित झालेला. त्यातली फक्त जत्रेची रात्र. अक्कलकुव्यात घरी मोबाइलवर पाहणार असाल तरी चालेल, मात्र आवाज बंद ठेवा. वाद्ये वाजू लागली की मन आपोआप नाचणाऱ्यांकडे धावते. आज त्याला थोडे आवरायचे आहे.

सिनेमाचा शाळकरी नायक जब्या आधी नाचतो. इथवरचा बराचसा सिनेमा कोवळ्या वयाचा, खेळकर आहे. शालूच्या नजरेत भरावे म्हणून चाललेली धडपड, सतत सोबत असणारा मित्र पिऱ्या, काळ्या चिमणीची राख मिळाली की मुलगी आपली होईल हा भाबडा विश्वास. आपण हसतो, आणि त्या हसण्यात माया असते. मग जब्याला नाच सोडावा लागतो. डोक्यावर बत्ती येते. बाकीची पोरे नाचतच राहतात.

इथे चित्र थांबवा. श्वास संथ होऊ द्या.

आधी त्याची मान पाहा. डोक्यावर ओझे असले की मान ताठ ठेवावी लागते. त्या वयाच्या मुलाला लाज वाटली की तो मान खाली घालतो, रडू आले की तोंड फिरवतो. जब्याकडून तेवढा आडोसाही काढून घेतला आहे. ज्या मुलीसाठी तो नाचत होता, तीही याच गर्दीत आहे.

आता उजेडाकडे या. उजेड त्याच्या डोक्यावरून निघतो आणि नाचणाऱ्यांच्या अंगावर पडतो. त्यांचे हात, त्यांची मस्ती, सगळे त्याच्यामुळे दिसते आहे. या एका गोष्टीपाशी हवा तेवढा वेळ थांबा. पुढे जायची घाई नाही.

मग स्वतःला विचारा, या चौकटीत जब्याचा प्रतिस्पर्धी कोण?

कॉलेजवयीन सिनेमात आपल्याला दोन पोरे समोरासमोर पाहायची सवय आहे. 1992 च्या 'जो जीता वही सिकंदर'मध्ये आमिर खानचा संजू आणि दीपक तिजोरीचा शेखर सायकलींवर एकमेकांशी झुंजतात. तिथे श्रीमंती-गरिबीचे अंतर असले तरी रस्ता दोघांचा एकच असतो, आणि शेखरला संजूची दखल घ्यावीच लागते. जत्रेच्या दृश्यात ती दखलच नाही. नाचणाऱ्यांना जब्याला हरवायचे नाही, कारण तो चढाओढीत आहे हेच त्यांच्या गावी नाही. मला हे उघड भांडणापेक्षा जास्त क्रूर वाटते. भांडणात निदान समोरचा तुमच्याकडे पाहतो.

हे सारे एकही संवाद न ऐकता कळते. कोण कुठे उभा आहे, कोणाचे हात मोकळे आहेत आणि कोणाचे अडकलेले, एवढ्यावर दिग्दर्शकाने ते सांगितले आहे. जब्या झालेला सोमनाथ अवघडे हलगी वाजवताना मंजुळ्यांना सापडला होता. पुढे या भूमिकेसाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता डोळे मिटा आणि आपल्याच अक्कलकुवा तालुक्यातली काठी गावची राजवाडी होळी आठवा. पहाटे होळी पेटेपर्यंत रात्रभर चाललेला नाच, मोरपिसांचे टोप, कमरेचे भोपळे आणि घुंगरू. आग मध्यभागी पेटते आणि तिचा उजेड सगळ्यांच्या तोंडावर सारखा पडतो. नाव राजवाडी आहे, तेव्हा मानपान तिथेही असणारच, ते मी विसरत नाही. तरीही त्या रिंगणात मनाने उभे राहून पाहा, आणि मग पुन्हा जब्याकडे या. उजेड सर्वांच्या मध्ये असणे आणि तो एकाच पोराच्या डोक्यावर ठेवलेला असणे, यातले अंतर डोळे मिटलेले असतानाच अधिक जाणवते.

आता डोळे उघडा आणि थेट शेवटाकडे जा. डुक्कर पकडताना झालेले हसे, 'फँड्री', म्हणजे डुक्कर, म्हणून मारलेल्या हाका, आणि मग जब्याने भिरकावलेला दगड. तो कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. हा दगड हिणवणाऱ्याला मारलेला आहे हे खरे. पण बत्तीच्या दृश्यापाशी इतका वेळ थांबल्यावर मला त्यात आणखी काही दिसते. त्या रात्री ज्याच्याकडे कोणी पाहिले नाही, तो आता बघायला भाग पाडतो आहे. आणि कॅमेरा जिथे आहे तिथेच आपण बसलेले आहोत, म्हणून दगड आपल्याकडेही येतो.

जमल्यास घरातल्या आठवी-नववीतल्या मुलाला किंवा मुलीला जत्रेचे दृश्य असेच आवाज बंद करून दाखवा. तुम्ही काही समजावू नका. त्याला किंवा तिला सर्वांत आधी कोण दिसले, एवढेच विचारा.