खडकाळ जमीन आणि मुलांचे प्रश्न

शास्त्रपाठ : मत्तय १३:१–२३



पेरणाऱ्याचा दृष्टांत आपल्या मंडळ्यांत इतक्या वेळां वाचला जातो कीं, उपदेशकानें अध्यायाचा अंक सांगतांच पुढचें सर्व ऐकणाऱ्यांस पाठ असतें. त्यांतील खडकाळ जागा म्हणजे कठोर अंतःकरण, असा अर्थही बहुधा ठरलेला असतो. आम्हांस तो अर्थ बरोबर वाटत नाहीं. कठोर जागा ती वाटेची. ती तुडवून घट्ट झालेली असते व तेथें बीं रुजतच नाहीं. खडकाळीवर तर बीं उगवतें, आणि सर्वांच्या आधीं उगवतें. तेथील दोष कठोरपणाचा नव्हे, उथळपणाचा आहे. वर चार बोटें माती आणि खालीं कातळ. ज्यानें डोंगरउतारावर नाचणी-वरी केली आहे त्यास हें समजाविण्याची गरज नाहीं.

अशी जमीन डोळ्यांनीं पाहावयाची असेल तर पुण्याच्या नैर्ऋत्येस, मुठा नदीच्या कांठीं, वारजें येथें जावें. हें पूर्वीं खेडें होतें. आतां पुणें शहरांत मिळून गेलें आहे व त्याला लागूनच मुंबई-बंगळूरचा महामार्ग जातो. ह्या बाजूस रस्त्यासाठीं जेथें जेथें टेकडी कापली आहे तेथें तेथें जमिनीचें पोट उघडें पडलें आहे. वर मातीचा पातळ पापुद्रा, त्याखालीं तांबूस मुरूम, आणि त्याखालीं काळा पाषाण. आपल्या घरचा पाटा-वरवंटा बहुधा ह्याच जातीच्या दगडाचा असतो. पेरणाऱ्याच्या दृष्टांताचें ह्याहून स्पष्ट चित्र आम्ही पाहिलेलें नाहीं.

आतां येथेंच एक अडचण उभी राहते, आणि तीविषयींच आज बोलणें आहे. मुलगा शाळेंतून येतो व सांगतो कीं, हा काळा दगड एके काळीं वितळलेला रस होता. पृथ्वीच्या पोटांतून तो भेगांवाटे वर आला, पसरला, थंड झाला. मग त्यावर दुसरा थर, तिसरा थर. आणि हें सर्व सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं झालें. बाप दचकतो. उपदेशक म्हणतात, "शाळेचें शाळेंत ठेव, असले प्रश्न देवघरांत आणूं नको." मूल गप्प होतें. तें शाळेंत एक बोलण्यास व उपासनेंत दुसरें बोलण्यास शिकतें, आणि चौदाव्या-पंधराव्या वर्षीं कोणाशींही न भांडतां मंडळींत येणें सोडतें. उन्हानें सुकलेल्या त्या रोपाला आपण मग जगाच्या मोहाचें नांव देतों. त्याच्या मुळांखालीं कातळ कोणी ठेविला, हें आपण पाहत नाहीं.

आमच्या पूर्वजांपैकीं सर्वच असे भित्रे नव्हते. स्कॉटलंडांतून नागपुरास आलेले मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप ह्यांचें नांव विदर्भांतील वाचकांस ठाऊक आहे. त्यांच्या नांवाचें कॉलेज १८८३ सालीं नागपुरांत निघालें. ह्या गृहस्थांनीं शुभवर्तमान सांगत फिरतांना हातीं हातोडीही बाळगिली. नागपुराजवळ टाकळी येथें त्यांस पाषाणाच्या दोन थरांमध्यें दबलेला एक निराळाच थर आढळला, व त्यांत गोड्या पाण्यांतील गोगलगायींचे शिंपले व वनस्पतींचे अवशेष दगड होऊन पडलेले होते. वारज्याचा पाषाण आणि नागपूरचा पाषाण एकाच पसाऱ्याचा. तो पसारा आजही सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर भूमि व्यापून आहे. ह्या गोगलगायींचा अर्थ काय? एक थर ओतला गेला व निवाला. त्यावर पाऊस पडला, तळीं सांचलीं, त्यांत जीव वाढले. मग पुन्हां अग्नीचा लोट आला. म्हणजे दोन लोटांच्या मध्यें जीवसृष्टि नांदण्याइतका काळ गेला. हिस्लॉपसाहेबांनीं आपले सहकारी हंटर ह्यांच्याबरोबर १८५५ सालीं हें लंडनच्या भूगर्भशास्त्राच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. त्यांचा उपदेश त्यामुळें थांबला नाहीं. १८६३ सालीं टाकळघाटाहून परततांना पुराच्या पाण्यांत बुडून त्यांचा अंत झाला, तोंपर्यंत ते मिशनरीही होते व भूगर्भाचे अभ्यासकही होते.

"मग उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांतील सहा दिवसांचें काय?" असें कोणी विचारील. विचारावें. सूर्य चौथ्या दिवशीं प्रगट होतो, तर पहिले तीन दिवस कोणत्या सूर्यानें मोजले, ही शंका आजची नाहीं. संत ऑगस्टीन ह्यांनीं सोळाशें वर्षांपूर्वीं तिचा विचार केला व ते दिवस आपल्या दिवसांसारखेच असावेत असें धरून चालण्यास ते तयार नव्हते. त्या काळीं भूगर्भशास्त्र नव्हतें. तेव्हां शाळेच्या भयानें त्यांनीं तसें लिहिलें असें म्हणतां येत नाहीं. कोणी निर्माण केलें व कशासाठीं, हें शास्त्र सांगतें. कातळाला किती वर्षें झालीं तें कातळालाच विचारावें लागतें. ईयोबाच्या पुस्तकांतही भूमीशीं बोलण्यास व तिच्यापासून शिकण्यास सांगितलें आहेच.

कातळाची माती कशी होते तें पाहूं. दिवसा दगड तापतो, रात्रीं निवतो, व त्यास बारीक भेगा पडतात. पावसाच्या पाण्यांत हवेंतला कर्बवायु विरघळलेला असतो. त्यानें तें पाणी किंचित् आंबट होतें व दगडांतील कांहीं द्रव्यें हळूहळू चिकणमातींत बदलतें. दगडांतील लोहास गंज चढतो. मुरूम तांबडा दिसतो तो त्यामुळें. मग येतें दगडफूल. आपल्या बाया जें मसाल्यांत घालतात तें फूल नव्हे; शेवाळ आणि बुरशी ह्या दोघांनीं मिळून थाटलेला तो संसार आहे. शेवाळ उन्हांत अन्न तयार करितें, बुरशी ओल धरून ठेविते. असले जीव उघड्या दगडास चिकटून त्याचा कण कण सुटा करितात; ते मेले म्हणजे त्यांचीच पहिली कुजकट माती होते. तींत गवताचें बीं पडतें, मूळ भेगेंत शिरतें व भेग रुंदावतें. बोटभर माती होण्यास ह्याप्रमाणें शेंकडों वर्षें लागतात.

गांडुळाचें काम तर आपण सर्वांनीं पाहिलें आहे. त्यावर चार्लस डार्विन ह्यांनीं १८८१ सालीं एक सबंध पुस्तक लिहिलें. मृत्यूच्या आदल्या वर्षीं प्रसिद्ध झालेलें हें त्यांचें शेवटचें पुस्तक. डार्विनचें नांव काढतांच आपल्यांतील कित्येकांच्या कपाळास आंठ्या पडतात. पण ह्या थोर विद्वानानें उतारवयांत अंगणांतल्या गांडुळांपुढें बसून त्यांची विष्ठा तोलली, हें वाचून आम्हांस तरी त्यांच्याविषयीं आदरच वाटला. इंग्लंडांतील पुष्कळ ठिकाणीं एकरीं वर्षास १० टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटांतून जाते, असा त्यांचा हिशेब आहे.

इतक्या कष्टानें झालेली माती जाण्यास मात्र एक वळीव पुरतो. झाड तोडलें, गवत जाळलें, उताराच्या दिशेनेंच नांगर धरला, कीं ती ओढ्यांतून मुठेस मिळते. मुठा मुळेस, मुळामुठा भीमेस, भीमा कृष्णेस मिळते व बंगालच्या उपसागरांत सर्व जातें. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांत पहिल्या मनुष्याचें नांवच मातीवरून आहे. इब्री भाषेंत भूमीस 'अदामा' म्हणतात, त्यावरून आदाम. त्यास बागेंत ठेविलें तें मशागत व राखण करण्यासाठीं. राखण हा शब्द आपण वाचतांना फार लवकर ओलांडतों.

वारज्यास ती राखण झाली. वनखात्याची १६ हेक्टरांहून अधिक ओसाड टेकडी लोकांच्या साहाय्यानें लागवडीस घेतली गेली; खड्डे खणले, रोपें लाविलीं, पाण्यासाठीं तळीं केलीं. ५ जून २०२० रोजीं केंद्र सरकारनें शहरांतून २०० नगरवनें उभारण्याची योजना जाहीर केली, तेव्हां वारज्याच्या ह्या स्मृतिवनाचें उदाहरण देशापुढें ठेविलें. तेथें ६५,००० वर झाडें, पांच तळीं, पक्ष्यांच्या २९ व फुलपांखरांच्या १५ जाति आहेत, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें. कांहीं झाडें २५ ते ३० फूट उंच झालेलीं होतीं. ज्या टेकडीस दृष्टांतांतील खडकाळ जागा म्हणून बोट दाखवावें, तिच्यावर हें झालें. कातळ कोणी उचलून नेला नाहीं. मुळांसाठीं खोली करून दिली, आणि पुढील काम मुळांनींच केलें.

म्हणून उपदेशकबंधूंस आमची विनंती आहे कीं, मुलाचा प्रश्न आला म्हणजे तो मूळ समजून त्यास आंत शिरूं द्या. उत्तर ठाऊक नसेल तर तसें सांगा व त्याचेंच पुस्तक मागून घेऊन त्याच्याबरोबर वाचा. चौथीच्या मुलाकडून शिकण्यांत उपदेशकाची पत जात नाहीं.

येत्या रविवारीं शब्बाथशाळेंत दोन मडकीं आणा. तळाशीं सारखेंच भोक पाडा. एकांत खालीं सपाट दगड बसवून वर दोन बोटें माती घाला, दुसरें मातीनें भरा. दोहोंत मूठभर मटकी पेरून उन्हांत ठेवा. पहिल्या मडक्यांतली रोपें मागें राहणार नाहींत. कदाचित् पुढेंच असतील. मुलें आनंदानें तसें सांगूं लागलीं म्हणजे पाणी घालणें थांबवा आणि चार दिवस थांबा. मग मत्तयाचा अध्याय उघडून मुलांनाच वाचावयास द्या, व वाचून झाल्यावर दोन्ही मडकीं फोडून मुळांची लांबी त्यांना सुतळीनें मोजूं द्या.