फॉरवर्ड केलेला शब्द कोणाचा?





लसींविषयीचे संदेश पुन्हा जोराने फिरू लागले आहेत. त्यांतल्या काहींच्या शेवटी आता तथागतांचेही नाव येते. ‘कोणी सांगितले म्हणून मानू नका, असे बुद्धांनी कालामांना सांगितले आहे, मग डॉक्टरांचे तरी का मानायचे?’ म्हणून आज कालाम सुत्ताविषयीच बोलू.

केसपुत्त गावच्या कालामांची अडचण आपल्यासारखीच होती. एक श्रमण येई, आपले मत उजळून दाखवी आणि दुसऱ्याचे हिणवी. मग दुसरा येई आणि तेच करी. यातले खरे कोणाचे, असे त्यांनी विचारले. तुमची शंका योग्य आहे, असे तथागत म्हणाले आणि ज्यांच्यावर विसंबून मत ठरवू नये अशा दहा गोष्टी त्यांनी सांगितल्या. परंपरा आणि ग्रंथ हे आपल्याला चटकन आठवतात. ज्या समाजाला पोथ्यांनी शतकानुशतके छळले, त्याला ते आठवणारच. पण यादी तिथे संपत नाही. तिच्यात ‘इतिकिर’ आहे, म्हणजे ‘असे म्हणतात बुवा’. तिच्यात ‘भब्बरूपता’ आहे, म्हणजे सांगणारा भारदस्त वाटतो म्हणून मानणे. आणि आपल्या आधीच्या मताशी जुळते म्हणून मानणे, हेही तिच्यात आहे. ते शेवटचे सगळ्यांत अवघड, म्हणून आपण ते गाळतो. कालाम सुत्त डॉक्टरांपुढे जेवढे धरायचे, तेवढेच ते स्वतःच्या भीतीपुढेही धरावे लागते. शिवाय तथागतांनी कालामांना हेही पाहायला सांगितले की त्या गोष्टीने हित होते की अहित, आणि जाणते लोक तिची निंदा करतात की प्रशंसा. जाणत्यांना तथागतांनी वगळले नव्हते.

आता आपल्याच कॅनडातले उदाहरण घेऊ. सप्टेंबर 2021 मध्ये ओटावा विद्यापीठाच्या हार्ट इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी एक लेख ‘मेडआर्काइव्ह’वर ठेवला. तिथे ठेवलेला लेख इतर तज्ज्ञांनी तपासलेला नसतो. त्याच्या आधारे उपचार ठरवू नयेत, अशी सूचनाही तिथेच दिलेली असते. कोविडच्या एमआरएनए लसीनंतर हृदयाच्या स्नायूला किंवा आवरणाला सूज आलेले 32 रुग्ण त्यांना दोन महिन्यांत आढळले होते. रुग्ण खरे होते. हा दुष्परिणामही खरा आहे. तो विरळ आहे आणि मुख्यतः तरुण मुलांमध्ये दिसतो. चूक झाली ती भागाकारात. त्या काळात त्या भागात 8 लाखांहून अधिक डोस दिले गेले होते आणि लेखात आकडा धरला गेला 32,379. त्यामुळे सुमारे 25 हजारांत एक हे प्रमाण हजारात एक झाले.

लेख जगभर पसरला. वर मोठ्या संस्थेचे नाव, आत आकडे आणि तक्ते. भब्बरूपता म्हणतात ती हीच. थोड्याच दिवसांत इतर शास्त्रज्ञांनी चूक दाखवून दिली. लेखकांनी एकमताने लेख मागे घेतला, चूक दाखवणाऱ्यांचे आभार मानले आणि लोकांची क्षमा मागितली. शास्त्राकडून याहून प्रामाणिक वागण्याची अपेक्षा तरी काय करायची? पण ज्यांनी तो लेख पुढे पाठवला होता, त्यांतल्या किती जणांनी माघारीची बातमी त्याच गटांत पाठवली असेल?

चंकी सुत्तात तथागत आंधळ्यांच्या रांगेचा दाखला देतात. एकाने दुसऱ्याला धरलेले. पुढच्याला दिसत नाही, मधल्याला दिसत नाही, मागच्यालाही नाही. फॉरवर्डची साखळी याहून वेगळी नाही. त्याच सुत्तात ‘सच्चानुरक्खणा’, सत्याची राखण, हा फार उपयोगी विचार आहे. एखाद्याने एखादी गोष्ट ऐकली असेल तर ‘मी असे ऐकले आहे’ एवढेच त्याने म्हणावे. त्यावरून ‘हेच खरे, बाकी सगळे खोटे’ असा निष्कर्ष काढू नये. एवढे पाळले तरी सत्य राखले जाते. आपले संदेश नेमके उलटे असतात. ऐकीव गोष्ट, आणि वर ‘100 टक्के सत्य, डिलीट होण्याआधी सर्वांना पाठवा’.

‘मी कुठे लिहिले? मी फक्त पुढे पाठवले,’ असे आपण म्हणतो. ठाऊक असून खोटे बोलणे आणि न तपासता बोलणे यांत फरक आहे हे मान्य. पण पाठवा हे बटण दाबणारा अंगठा आपलाच आणि ते कर्मही आपलेच. राहुलाला तथागतांनी सांगितले की कृती करण्याआधी, करताना आणि केल्यानंतरही तिच्याकडे आरशात पाहावे तसे पाहा, वाणीच्या कृतीकडेसुद्धा. ती अहिताची ठरली तर जाणत्या सब्रह्मचाऱ्यांपुढे उघडपणे सांग आणि पुढे सावध राहा. संदेश खोटा निघाल्यावर तो गुपचूप पुसून टाकणे म्हणजे उघडपणे सांगणे नव्हे. ज्या गटात तो पाठवला, त्याच गटात तसे लिहावे लागते.

आपण परदेशी राहणाऱ्यांवर यात एक जादा भार आहे. नागपूरला, नांदेडला आई-वडील, मामा-मावशी आपला संदेश वाचतात तेव्हा त्यांना तो साधा फॉरवर्ड वाटत नाही. ‘कॅनडातल्या पोराने पाठवलंय, तिकडे सगळं कळतं,’ म्हणून तो वस्तीभर फिरतो. दहा गोष्टींतली शेवटची ‘समणो नो गरु’, हे आमचे गुरू आहेत म्हणून मानणे. न मागता त्यांनी आपल्याला त्या जागी बसवले आहे.

यात पणाला काय लागते तेही पाहू. गोवराच्या लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा 1998 मधील लेख 12 मुलांवर आधारलेला होता. तो ‘लॅन्सेट’ने 2010 मध्ये मागे घेतला. तरी तो अजून पालकांच्या मनात जिवंत आहे. 1998 पासून गोवरमुक्त मानल्या गेलेल्या कॅनडाने नोव्हेंबर 2025 मध्ये तो दर्जा गमावला. याला अफवा हे एकच कारण नाही. फॅमिली डॉक्टर न मिळणे हेही आहेच, ते आपण सगळे जाणतो. पण एक वर्षाखालच्या बाळाला इथे सहसा ही लस मिळत नाही. आजूबाजूच्यांनी घेतलेली लस हेच त्याचे रक्षण.

ज्या आईला भीती वाटते तिला मूर्ख ठरवू नका, तेही सम्यक वाचेत बसत नाही. तिच्याजवळ बसा, तिचा प्रश्न कागदावर लिहा आणि तो घेऊन तिच्यासोबत परिचारिकेकडे किंवा डॉक्टरांकडे जा. मराठीतून विचारणे तिला सोपे वाटत असेल तर दुभाषाचे काम तुम्ही करा. तिची शंका योग्य आहे. तिला उत्तर मिळेपर्यंत तिच्या फोनवर आणखी एक संदेश मात्र पाठवू नका.

सर्वांना सप्रेम जय भीम, नमो बुद्धाय.